पहिली... पण कोणत्या अटीवर?

मंडळी, सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत एक पान हमखास असतं. 'भारतातील पहिल्या महिला' असा मथळा आणि खाली दोन रकाने. डावीकडे पद, उजवीकडे नाव. चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. एवढ्या काळात हे पान किती मुलांनी माझ्यासमोर घडाघडा म्हणून दाखवलं असेल, त्याची गणती नाही. पहिल्या महिला पंतप्रधान, पहिल्या महिला राज्यपाल, पहिल्या महिला आयपीएस... एका दमात. बरोबर उत्तराला एक गुण, आणि पुढचा प्रश्न.

माझा या पानावर राग नाही. नावं पाठ होतात हेही काही कमी नाही. पण एक तक्रार मात्र आहे. त्या पानावर तिसरा रकाना नसतो. 'पहिली' कोण ते कळतं, पण तिला आत कोणत्या अटीवर घेतलं, हे कळत नाही. आणि ती अट पुढे कोणी काढली, हे तर कुठेच सापडत नाही. आज एका नावापुरता तो तिसरा रकाना भरावा असं मनात आहे. लेख थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

नाव आहे चोनिरा बेळ्ळिअप्पा मुथम्मा. सरकारी कागदांत सी. बी. मुथम्मा. भारतीय परराष्ट्र सेवेत स्पर्धा परीक्षेतून दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी.

जन्म १९२४ चा, कुर्गमधल्या (आता आपण कोडगू म्हणतो) विराजपेटचा. वडील वनखात्यात अधिकारी होते. मुलगी नऊ वर्षांची असताना ते गेले. आई मागे राहिली, चार मुलं पदरात. त्या बाईनं ठरवलं की मुलांना शिकवायचं, आणि शिकवलं. मुथम्मा मडिकेरीच्या शाळेतून मद्रासला गेल्या, विमेन्स ख्रिश्चन कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं. १९४८ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. त्या परीक्षेत यश मिळवणारी ती पहिली स्त्री. १९४९ मध्ये त्या परराष्ट्र सेवेत रुजू झाल्या.

इथपर्यंतची कथा आपल्याला आवडते. वडिलांवाचून वाढलेली मुलगी, आईचे कष्ट, परीक्षेत यश. पण खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

मुलाखत मंडळानं त्यांना परराष्ट्र सेवा घेऊ नका असं समजावण्याचा प्रयत्न केला. हे काम बायकांचं नव्हे, असं त्यांचं मत. गंमत बघा, पुढे दोन-तीन वर्षांतच अण्णा राजम नावाची दुसरी हुशार मुलगी अशाच मंडळापुढे बसली. तिला आयएएस हवं होतं. तिला सांगण्यात आलं, प्रशासन सेवा नको, त्यापेक्षा परराष्ट्र सेवा घ्या, ती बायकांना जास्त शोभते! म्हणजे मुथम्मांना जी सेवा बाईला झेपणार नव्हती, तीच सेवा अण्णा राजम यांच्या वेळी बाईला शोभू लागली. 'बाईला काय जमतं' याचं उत्तर बाई काय मागते यावर ठरत होतं. जे मागेल ते सोडून बाकी सगळं तिला जमतं!

(अण्णा राजम यांनी आयएएसच घेतलं, १९५१ च्या तुकडीत. पुढे लग्नानंतर त्या अण्णा राजम मल्होत्रा झाल्या आणि आपल्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या उभारणीच्या काळात बंदराच्या अध्यक्ष होत्या. मुंबईकरांनी हे नाव लक्षात ठेवायला हवं.)

मुथम्मांनीही आपला हट्ट सोडला नाही. मग त्यांच्याकडून हमी लिहून घेण्यात आली : लग्न केलंत तर नोकरीचा राजीनामा द्यायचा. अण्णा राजम यांच्या नेमणुकीच्या आदेशातही लग्न झाल्यास नोकरी संपेल असं होतं. पुरुष अधिकाऱ्यांकडून असं काही लिहून घेतलं जात नव्हतं हे सांगायला नकोच. त्यांचं लग्न होणं ही उलट सोयीची गोष्ट होती. दूतावासातल्या मेजवान्या, पाहुण्यांची सरबराई, नव्या देशात घर मांडणं-मोडणं हे सगळं बिनपगारी करायला घरात माणूस मिळायचं.

आता कोणी म्हणेल, १९४९ साल होतं हो, राज्यघटना लागू व्हायची होती, इंग्रजांची सवय अंगात मुरलेली होती. कबूल. इंग्लंडनं स्वतःच्या परराष्ट्र खात्यात बायकांना १९४६ मध्ये प्रवेश दिला आणि लग्नाची आडकाठी तिथे १९७३ पर्यंत राहिली. तेव्हा सवय कुठून आली ते उघड आहे.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. २६ जानेवारी १९५० ला घटना लागू झाली. कलम १४, कायद्यापुढे सगळे समान. कलम १५, लिंगावरून भेदभाव नाही. कलम १६, सरकारी नोकरीत समान संधी. ही तीन कलमं मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिली आहेत की झोपेतही सांगेन. ती लागू झाल्यानंतर अकरा वर्षांनी, १९६१ मध्ये, स्वतंत्र भारताच्या सरकारनं परराष्ट्र सेवेचे नियम केले. त्यातला वर्तणूक नियम ८(२) असा होता, की सेवेतल्या स्त्रीनं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी. आणि लग्नानंतर केव्हाही सरकारला वाटलं की हिच्या घरगुती जबाबदाऱ्या कामाच्या आड येतील, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. आड आल्या तर नव्हे बरं का, आड 'येण्याची शक्यता' वाटली तरी. भरतीच्या नियमांत १८(४) होता. त्यात विवाहित स्त्रीला या सेवेत नेमणुकीचा हक्क असणार नाही असं होतं.

हे नियम झाले तेव्हा परराष्ट्र खातं स्वतः पंतप्रधान नेहरूंकडे होतं. त्यांच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित १९४७ मध्ये मॉस्कोला राजदूत होत्या, मग वॉशिंग्टनला. १९५३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९५४ पासून लंडनला उच्चायुक्त. त्यांचे यजमान रणजित पंडित मराठी घराण्यातले, 'राजतरंगिणी'चं इंग्रजी भाषांतर करणारे विद्वान, ते १९४४ मध्ये निवर्तले होते. पदरात तीन मुली होत्या. पुढे १९६२ ते १९६४ या काळात विजयालक्ष्मीबाई आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. आम्ही तेव्हा शाळेत होतो, आणि त्यांचा आम्हा मुलींना केवढा अभिमान वाटायचा!

तो अभिमान आजही आहे. पण विचार करा. तीन मुलींची आई मॉस्को आणि वॉशिंग्टन सांभाळू शकते, हे जगानं पाहिलेलं होतं. पाहिलेलं असूनही नियम झाला. कारण विजयालक्ष्मीबाई राजकीय नेमणुकीनं गेल्या होत्या, त्यांना ८(२) लागू नव्हता. तो लागू होता परीक्षा देऊन, गुण मिळवून, रांगेतून आलेल्या मुलीला. म्हणजे प्रश्न बाईच्या कुवतीचा नव्हताच. मोठ्या घरातली एखादी बाई उच्च स्थानी बसलेली आपल्याला चालते, आवडतेही, तिचे फोटो आपण लावतो. कुणाच्याही घरातल्या कुठल्याही मुलीला तिथे बसण्याचा हक्क आहे म्हटलं की मात्र आपल्याला तिच्या संसाराची काळजी वाटू लागते.

या नियमाची किंमत कुणी मोजली? एक उदाहरण रमा मेहता यांचं. त्याही परराष्ट्र सेवेत आलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी. त्यांनी जगत मेहता या सहकारी अधिकाऱ्याशी लग्न केलं आणि त्यांना सेवा सोडावी लागली. जगत मेहता पुढे १९७६ मध्ये देशाचे परराष्ट्र सचिव झाले. रमाबाई समाजशास्त्राकडे वळल्या, लिहित्या झाल्या. उदयपूरच्या हवेलीतल्या बायकांच्या आयुष्यावरची त्यांची 'इनसाइड द हवेली' ही कादंबरी १९७७ मध्ये आली. १९७८ मध्ये त्या गेल्या आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. साहित्याला एक लेखिका मिळाली हे खरं. पण एकाच सेवेतली दोन माणसं एकमेकांशी लग्न करतात, त्यातला एक सचिवपदापर्यंत जातो आणि दुसरीला पहिल्या पायऱ्यांवरूनच परत फिरावं लागतं, याला न्याय म्हणवत नाही.

मुथम्मा अविवाहित राहिल्या. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक, आपण त्यात नाक खुपसू नये. पण लग्न न केल्यामुळे वाट मोकळी झाली, असंही झालं नाही. पॅरिस, रंगून, लंडन, दिल्लीत पाकिस्तान आणि अमेरिकेशी संबंधित कामं असा प्रवास करत १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. परराष्ट्र सेवेतूनच वर आलेली पहिली महिला राजदूत. नंतर घानात उच्चायुक्त आणि मग नेदरलँड्समध्ये राजदूत. पण सर्वोच्च श्रेणीत बढती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. गुणवत्ता पुरेशी नाही, असं कारण.

या टप्प्यावर बहुतेक माणसं काय करतात? निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. राजदूत म्हणून बंगला, गाडी, मान. आपल्याकडची शहाणी मंडळी सांगतील, 'आता कशाला वाईटपणा घेता? शांतपणे निवृत्त व्हा.' मुथम्मांनी सेवेत असतानाच आपल्या सरकारवर सर्वोच्च न्यायालयात खटला भरला. आणि फक्त 'मला बढती द्या' असं म्हणून थांबल्या नाहीत. मला डावललं त्याचं मूळ या नियमांत आहे, हे नियमच घटनेच्या विरोधात आहेत, असं त्या म्हणाल्या.

मग काय झालं? सुनावणी होण्याआधीच सरकारनं त्यांना बढती देऊन टाकली! काही महिन्यांपूर्वी ज्यांची गुणवत्ता कमी पडत होती, त्यांची ती अचानक पुरेशी ठरली. नियम १८(४) नोव्हेंबर १९७३ मध्येच रद्द केलेला आहे आणि ८(२) सुद्धा आता काढतो आहोत, असंही सरकारतर्फे सांगण्यात आलं. बढती मिळाली म्हणून अर्ज औपचारिकरीत्या फेटाळला गेला. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सप्टेंबर १९७९ च्या निकालात जे लिहून ठेवलं, त्यामुळे तो फेटाळलेला अर्ज जिंकलेल्या खटल्याइतकाच मोठा ठरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : घरगुती जबाबदारी कामाच्या आड यायचीच असेल तर ती पुरुषाच्याही येऊ शकते, मग नियम फक्त बाईला का? विवाहित पुरुषाला जो हक्क आहे तो विवाहित स्त्रीलाही हवा. आपला स्वातंत्र्यलढा हा स्त्रीच्या दास्याविरुद्धचाही लढा होता, हे आपण विसरलो. सेवेतले सगळे नियम तपासा आणि भेदभावाचा डाग पुसून काढा. शिवाय, मधल्या महिन्यांत मुथम्मांच्या पुढे गेलेल्या कनिष्ठांच्या बाबतीत त्यांच्या सेवाज्येष्ठतेचा फेरविचार करा, असंही सरकारला सांगितलं.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत हक्कांचा धडा असतो. तो वाचून मुलांना वाटतं, हक्क घटनेत लिहिले आणि ते मिळाले. तसं नसतं. कलम १६ लागू झालं १९५० मध्ये आणि परराष्ट्र सेवेतल्या बाईपर्यंत ते पोचायला १९७९ उजाडलं. तेही एका बाईनं ते हाताला धरून नेलं म्हणून. मला विचाराल तर मुथम्मांची खरी कामगिरी १९४९ ची नाही, १९७९ ची आहे. आत पहिली जाणारी कोणीतरी असतेच, आज नाही तर उद्या. पण आत गेल्यावर, सगळं मिळालेलं असताना, मागून येणाऱ्या मुलींसाठी दारावरची पाटी उखडून काढणारी विरळा.

आता निकालाबद्दल एक बोचणारी गोष्टही सांगते. कृष्ण अय्यर मोठे न्यायमूर्ती, त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण त्याच निकालात त्यांनी एक फट ठेवली. सगळ्याच व्यवसायांत, सगळ्याच परिस्थितीत स्त्री-पुरुष सारखे असं आम्ही सरसकट म्हणत नाही, कामाच्या गरजेप्रमाणे कुठे निवड करावी लागेल, अशा अर्थाचं ते वाक्य आहे. सिद्ध करता येईल असा फरक असेल तरच, हेही त्यांनी जोडलं आहे. पण फट ती फटच. तिथून वारा येत राहतो.

आणि तो आला. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती द्यावी की नाही, याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२० ला दिला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला तो निकाल आहे. सरकारची बाजू काय होती माहीत आहे? गरोदरपण, बाळंतपण, मुलं, घरच्या जबाबदाऱ्या. शिवाय खेड्यातून आलेले जवान बाईचे हुकूम मानायला मनानं तयार नसतील. म्हणजे तोच ८(२), नव्या गणवेशात! न्यायालयानं हे सगळं साचेबद्ध समजुतींचं म्हणणं आहे असं सांगून बाजूला सारलं. मुथम्मांच्या निकालानंतर चाळीस वर्षांनी.

पुढचं आपल्या घराजवळचं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयानं मुलींना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. २०२२ मध्ये पहिल्या मुली खडकवासल्याला दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ ला त्यांतल्या सतरा जणी दीक्षान्त संचलनातून बाहेर पडल्या. ही बातमी वाचताना मला मुथम्मांची आठवण आली.

कारण त्यांचं काम राष्ट्रीय सुरक्षेशीही जोडलेलं होतं. स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांनी नि:शस्त्रीकरण आणि सुरक्षेसाठी १९८० मध्ये एक स्वतंत्र आयोग नेमला, त्यात भारताकडून मुथम्मा होत्या. सोबत कोण? अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स, ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री डेव्हिड ओवेन, सोव्हिएत संघाचे गेओर्गी अर्बातोव्ह, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंडटलँड. अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले होते तो काळ. १९८२ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाचा गाभा असा की अण्वस्त्रांच्या युगात शेजाऱ्याला असुरक्षित करून कोणालाच सुरक्षित राहता येत नाही, सुरक्षा असेल तर ती दोघांची मिळून. लग्न केलं तर काम झेपेल का, अशी शंका ज्यांच्याबद्दल घेतली गेली होती, त्यांनी ज्या टेबलाशी बसून काम केलं ते हे टेबल. त्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्या निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरही स्वस्थ बसल्या नाहीत. नोकरशाहीवर कोरडे ओढणारं 'स्लेन बाय द सिस्टिम' हे पुस्तक २००३ मध्ये आलं. त्याआधी कोडगूच्या स्वयंपाकावरचं पुस्तकही एका सहलेखिकेसोबत केलं. (म्हणजे स्वयंपाकघराशी वैर नव्हतं हो त्यांचं! वैर होतं ते 'तुझी जागा तिथेच' म्हणण्याशी.) १४ ऑक्टोबर २००९ ला त्या गेल्या, पंचाऐंशी वर्षांच्या होत्या. त्याआधी अडीच महिने निरुपमा राव परराष्ट्र सचिव झाल्या होत्या. निरुपमाबाई १९७३ च्या तुकडीच्या, म्हणजे नियम १८(४) ज्या वर्षी गेला त्या वर्षीच्या. आणि इंग्रजीतलं एम. ए. त्यांनी आपल्या मराठवाडा विद्यापीठातून केलेलं आहे. त्यांच्या आधी २००१ मध्ये चोकिला अय्यर, नंतर २०१३ मध्ये सुजाता सिंह. स्वातंत्र्यापासून २०१५ पर्यंत तीन. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद १९९८ मध्ये निर्माण झालं, त्यावर २०२५ पर्यंत एकही स्त्री बसली नाही. पाटी काढली तरी भिंतीवर तिचा डाग राहतो, तो असा.

आता हे सगळं मी का लिहीत बसले? हा लेख आमचे नातेवाईकही वाचतात, म्हणून.

१९७३ मध्येच मी शिक्षिकेच्या नोकरीसाठी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. माझ्या आधी गेलेल्या पुरुष उमेदवाराला विचारलं, कोणता विषय शिकवाल. मला विचारलं, 'लग्न ठरलंय का? ठरल्यावर नोकरी सोडणार असाल तर आत्ताच सांगा.' मी म्हटलं, 'विषय इतिहास आहे.' तिथे नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे मिळाली, आणि लग्नही झालं, आणि तीन बाळंतपणांतून सोडली नाही. ह्यांनी साथ दिली, सासूबाईंनी मुलं सांभाळली. सगळ्यांना एवढं नशीब लाभत नाही.

सरकारचा ८(२) गेला, पण आपल्या घरातला गेला का? लग्नाच्या बायोडेटात मी आजही ओळ वाचते, 'लग्नानंतर नोकरी : सासरच्यांच्या इच्छेनुसार'. लेखी परवानगी म्हणतात ती हीच! मुलाच्या बायोडेटात अशी ओळ मी एकदाही पाहिलेली नाही.

आमच्या पुतणीची मुलगी दोन वेळा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेपर्यंत पोचली आहे. (नाव लिहीत नाही, रागावेल.) तिला परराष्ट्र सेवाच हवी आहे. गणपतीत सगळे जमले तेव्हा तिच्यावर चर्चा झाली. 'पुरे आता, सव्वीस संपत आलं, स्थळं येतायत, आणि परदेशात बदल्या होणाऱ्या मुलीला कोण करून घेईल?' बोलणारे सगळे माझेच, प्रेमानं बोलणारे. मी त्यांच्यावर चिडले नाही.

त्यांच्या काळजीत खरेपणा आहे, तो मी नाकारत नाही. त्या परीक्षेला लाखो बसतात आणि शेकड्यांत निवडले जातात. वर्षंच्या वर्षं जातात, पैसे जातात, मन खचतं. हाताशी दुसरं काहीतरी असावं हे सांगणं वडीलधाऱ्यांचं कामच आहे. परदेशात बदल्यांवर संसार करणं सोपं नाही हेही खरं. नवरा-बायको दोन खंडांत, मुलांच्या शाळा दर तीन वर्षांनी वेगळ्या. या सगळ्याचा विचार व्हायलाच हवा.

माझं म्हणणं एवढंच, की हा विचार करताना कृष्ण अय्यरांची कसोटी लावा. मुलीला जो प्रश्न विचारता तो मुलालाही विचारता का? त्याच घरात तिचा मामेभाऊ तीच परीक्षा तिसऱ्यांदा देतो आहे, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याला गणपतीत काय म्हणालात? 'लागून राहा, होईल.' त्याला कोणी विचारलं नाही की परदेशात बदल्या होणाऱ्या मुलाला मुलगी कोण देईल. उलट परदेशात बदली म्हटल्यावर स्थळांची रांग लागेल! दोघांनाही सांगा की वयाची मर्यादा ठरवा, दोघांनाही सांगा की दुसरा मार्ग तयार ठेवा. ते शहाणपण आहे. एकीलाच सांगितलं की तो नियम ८(२) होतो.

मुलींनाही एक सांगायचं आहे. मुथम्मांनी हमी लिहून दिली होती. ती न देता नोकरी मिळतच नव्हती. त्यांनी ती दिली, आत गेल्या, तीस वर्षं काम करून दाखवलं आणि मग तिथल्या नियमालाच न्यायालयात उभं केलं. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी भांडावं असं काही नाही. कधी अट मान्य करून आत जावं लागतं. पण ती अट अन्यायाची आहे हे विसरायचं नाही, आणि आपली सोय झाली की मागच्या मुलींना 'आम्ही नाही का सोसलं?' असं सुनवायचं नाही. हे शेवटचं मी आमच्या पिढीतल्या बायकांनाही सांगते आहे. मुलींच्या वाटेतली आडकाठी पुष्कळदा आपणच धरून उभ्या असतो.

पुतणीशी माझं फोनवर बोलणं झालं आहे. ती म्हणाली, 'काकू, अजून एक वर्ष देऊ तिला.' मी म्हटलं, भावाला दिलंस तेवढंच दे, कमी नको आणि जास्तही नको.

असो. बराच मोठा लेख झाला. तुमच्या घरातला नियम ८(२) कोणता होता आणि तो कोणी काढला (की अजून आहे?), तेवढं मात्र जरूर कळवा. वाट बघते.